पोच आणि पोचपावती

कोणत्याही मराठी दैनिकाची आतली पाने उलटावीत; दर दोन-चार दिवसांआड तेथे बारीक टाइपात छापलेला एक चौकोन आढळतो. 'ताबा नोटीस' हे त्याचे शीर्षक. खाली कर्जदाराचे नाव, सहकर्जदार म्हणून बहुधा त्याच्या पत्नीचे नाव, थकलेली रक्कम, आणि शेवटी सदनिकेचा क्रमांक, मजला व चतुःसीमा. आमच्या पत्रातही हे चौकोन येतात आणि त्यांच्या छपाईचे पैसे आम्हालाही मिळतात. हे आरंभीच सांगून टाकतो; कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवून लिहिलेले नाही.

या चौकोनांतील मजकूर मराठीत असतो, पण तो मराठीच्या प्रेमापोटी दिलेला नसतो. थकलेल्या कर्जांच्या वसुलीसाठी संसदेने २००२ मध्ये जो कायदा केला, आणि जो 'सरफेसी' या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो, त्याच्या नियमांतच तशी आज्ञा आहे. मिळकतीचा ताबा घेतल्याची नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली पाहिजे आणि त्यांपैकी एक वृत्तपत्र स्थानिक भाषेतील असले पाहिजे. नियम योग्य आहे. एखाद्याचे घर हातचे जात असेल तर ते त्याला व त्याच्या शेजारपाजाऱ्यांना स्वतःच्या भाषेत कळावे, एवढी न्यायबुद्धी त्यामागे आहे. प्रश्न इतकाच की, हीच न्यायबुद्धी कर्ज देतेवेळी कोठे असते? ज्या करारनाम्याच्या जोरावर हे घर जाते, तो पानेच्या पाने पसरलेला करारनामा बहुधा इंग्रजीत असतो. सारांश, आपल्या शहरांत कर्ज इंग्रजीत मिळते आणि घर मराठीत जाते. वरातीमागून घोडे म्हणतात ते याहून वेगळे काय?

काही दिवसांपूर्वी आमचे एक जुने विद्यार्थी भेटावयास आले. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा गणितात त्यांचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. आज ते चाळिशीत आहेत, स्वतःचा लहानसा कारखाना चालवतात आणि त्याचा हिशेब स्वतः ठेवतात. मेहुण्याने धंद्यासाठी काढलेल्या कर्जाला ते जामीन राहिले होते. त्या कर्जासंबंधी टपालाने आलेला एक इंग्रजी लिफाफा त्यांनी आमच्यापुढे ठेवला आणि विचारले, "सर, माझ्यावर निम्मेच येणार ना? 'जॉइंटली' लिहिले आहे." आम्ही पुढचे दोन शब्द वाचले. करारात जबाबदारी 'जॉइंटली अँड सेव्हरली' अशी लिहिलेली होती. म्हणजे एकत्रितपणे आणि प्रत्येकी स्वतंत्रपणे. धनकोला वाटल्यास त्याने सगळी रक्कम या एकट्याकडून वसूल करावी, असा त्याचा अर्थ. सही करतेवेळी पेन्सिलीने जेथे जेथे फुल्या मारून दिल्या होत्या, तेथे तेथे त्यांनी सह्या केल्या होत्या. लिफाफा हाती पडल्याची पावतीही त्यांनी सही करून दिली होती. कागद पोचला होता. अर्थ पोचला नव्हता.

मराठीत 'पोच' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पत्र मिळाल्याची खूण ती एक पोच. आणि माणसाची समज जेथवर जाते ती दुसरी. 'त्याची पोच तेवढीच' असे आपण म्हणतो तेव्हा आपण टपालाविषयी बोलत नसतो. आपला आर्थिक व्यवहार पहिल्या पोचेवर संतुष्ट राहतो आणि दुसरी तिच्यातच आली असे मानून चालतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टने असे गृहीत धरले आहे की, बरोबर पत्ता लिहून, पुरेसे टपालहशील भरून, नोंदणी करून पत्र टाकले की, उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचले असे समजावे. नोंदणीकृत टपालाची स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, तरी पोचपावतीचे महत्त्व आहे तेथेच आहे. व्यवहार चालावयाचा तर असे एखादे गृहीत धरावेच लागते. परंतु पोचले म्हणजे कळले, हे दुसरे गृहीत कोणत्याही कायद्याने घालून दिलेले नाही. ते सोयीसाठी आपणच त्याला चिकटवले आहे.

वास्तविक, अनेक भाषांच्या या देशात कागद योग्य दारी नेऊन पोचवण्याचे काम आपण मोठ्या कौशल्याने केले आहे. एकाच नावाची अनेक गावे, नाना लिप्या आणि न लागणारी हस्ताक्षरे यांतून वाट काढण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते, आणि संस्कृतचे व्यासंगी कवीही होते. भाषेच्या जाणकारानेच भाषेची अडचण आकड्यांनी सोडवली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच्याही आधीचा काळ आठवावा. मनीऑर्डरची पद्धत आपल्याकडे १८८० मध्ये सुरू झाली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याचे पैसे कोकणातल्या घरी पोचत, तेव्हा पोस्टमन नोटा मोजून देई आणि फॉर्मच्या तळाशी लिहिलेल्या दोन ओळी म्हातारीला वाचून दाखवी. त्या बटवड्यात दोन्ही पोचा होत्या. आज रक्कम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोचते; दोन ओळी वाचून दाखवणारा मात्र कोणी उरलेला नाही.

न वाचलेल्या कागदाची किंमत महाराष्ट्राने पूर्वी एकदा मोजलेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. तो रोष मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हस्तगत करून त्यांनी त्यांची होळी केली. ज्या रोख्यावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, हे त्या ऋणकोला सावकार सांगेल तेवढेच ठाऊक असे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा झाला. त्या कायद्याने ठरवून दिले की, जेथे ग्रामनिबंधक नेमला असेल तेथे शेतकऱ्याचा कर्जरोखा त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे. एरवी तो पुराव्यात घेतला जाणार नाही. पैसे भरल्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कही कुळाला मिळाला. सही करणाऱ्याला सहीखालचा मजकूर कळला पाहिजे, हे तत्त्व परकीय राजवटीलाही दंगलीनंतर का होईना मान्य करावे लागले. आपल्याला ते मान्य करण्यास दंगलीची गरज पडू नये.

यावर पहिला आक्षेप नेहमीचाच येतो. मराठीत म्हणे अर्थव्यवहाराचे शब्द नाहीत! हा आक्षेप घेणाऱ्यांनी घरातील गृहिणीचे एक वाक्य ऐकावे: "बँकेला जामीन दिला, हप्ता भरला, तरी व्याजच फिटते आहे, मुद्दल आहे तसेच." यातील 'जामीन' अरबीतून आलेला, 'हप्ता' फारसीतून, 'मुद्दल' द्राविडी मुळाचा, 'बँक' युरोपातून आलेली, आणि 'व्याज' संस्कृत. गंमत अशी की, संस्कृतात 'व्याज' म्हणजे निमित्त किंवा कपट. मराठीने त्याला हिशेबाच्या वहीत आणून बसवले! एका वाक्यात इतक्या भाषांनी हजेरी लावावी आणि ऐकणाऱ्याला कोठेही अडू नये, अशा भाषेला दरिद्री कोण म्हणेल? ताळेबंद, तारण, गहाण, बोजा, हुंडी, रोजकीर्द, खतावणी हे शब्द आपल्या पेढ्यांत पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. 'हायपॉथिकेशन' या शब्दाने पदवीधरही गोंधळतो. मराठीत त्याला 'नजरगहाण' म्हणतात. वस्तू ऋणकोकडेच राहते आणि धनकोची तिच्यावर नजर असते. शब्दातच त्याची व्याख्या झाली!

शब्द घडवण्यातही मराठी माणूस कधी मागे राहिलेला नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पदनामकोश निघाला. आचार्य अत्रे यांनी त्याची 'बदनामकोश' म्हणून संभावना केली. पण थट्टा झालेले कितीतरी शब्द आज कचेऱ्यांच्या पाट्यांवर निमूटपणे नांदत आहेत. तेव्हा वाण शब्दांची नाही. ते शब्द जाणणाऱ्या माणसाला कामावर नेमण्याच्या इच्छेची आहे. यंत्राकडून फुकटात उतरवून घेतलेल्या मराठीत तारणाची 'सुरक्षा' होते, मुदतपूर्तीची 'परिपक्वता' होते आणि व्याजाला 'स्वारस्य' म्हणण्यापर्यंत मजल जाते. असे मराठी वाचण्यापेक्षा इंग्रजी बरे, असे वाचकाला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. भाषांतर हे जमाखर्चाइतकेच जबाबदारीचे काम आहे. जमाखर्च तपासण्यास आपण पात्र माणूस नेमतो आणि त्याची सही घेतो. भाषांतराच्या वाट्याला हा मान का येऊ नये?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकाच कराराच्या दोन भाषांत दोन प्रती झाल्या आणि त्यांत फरक पडला, तर न्यायालयाने कोणती ग्राह्य धरावी? या शंकेत तथ्य आहे. परंतु तिचे उत्तर ग्राहकाला अंधारात ठेवणे हे खचित नव्हे. फरक पडल्यास कोणती प्रत प्रमाण मानावी, हे करारातच लिहिता येते. शिवाय, रिझर्व्ह बँकेने या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना आणि लहान-मध्यम उद्योगांना दिल्या जाणाऱ्या नव्या कर्जांसोबत मुख्य तथ्यांचे एक विवरणपत्र देणे आवश्यक झाले आहे. ते ऋणकोला समजणाऱ्या भाषेत असावे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा आणि समजल्याची त्याची नोंद घ्यावी, असे बंधन आहे. सात दिवसांहून कमी मुदतीची कर्जे वगळता, विचार करण्यास किमान तीन कामकाजाचे दिवस मिळावेत, असेही त्यात आहे. त्या पत्रात न लिहिलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. १८७९ च्या तत्त्वाचाच हा नवा अवतार होय, आणि आम्ही त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो.

मात्र नियम कागदावर असणे वेगळे आणि खिडकीवर असणे वेगळे. तीन दिवस विचारासाठी मिळतात, हे आपल्यापैकी कितीजण जाणतात? आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे आमच्या सुशिक्षित वाचकवर्गाविषयी बोलले पाहिजे. धनादेश मराठीत लिहिता येतो. तरी तो आपण इंग्रजीत लिहितो. खाते उघडण्याचे फॉर्म आणि पैसे भरण्याच्या चिठ्ठ्या प्रादेशिक भाषेतही उपलब्ध असाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. तरी त्या मागण्याचा आपल्याला संकोच वाटतो. विम्याच्या अनेक प्रस्तावपत्रांत स्थानिक भाषेत सही करणाऱ्यासाठी वेगळा रकाना असतो, आणि 'मजकूर यांना समजावून सांगितला' असे तेथे तिसऱ्याने लिहून द्यावयाचे असते. मराठीत सही करणाऱ्याला मजकूर कळला नसावा, आणि इंग्रजीत सही करणाऱ्याला तो कळलाच असावा, असा त्यामागचा हिशेब! खरे सांगावयाचे तर इंग्रजीत झोकदार सही करणारे आपणही तो मजकूर वाचत नाही. अंगठा उठवणाऱ्या त्या कुळाला निदान आपल्याला वाचता येत नाही हे ठाऊक होते. आपल्याला वाचता येते, आणि त्याच भरवशावर आपण वाचत नाही.

आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, विवरणपत्रापुरते न थांबता संपूर्ण करारनामा ऋणकोने मागितल्यास मराठीत मिळावा, आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचे नाव व सही असावी. दुसरी, जामीनदाराला त्याच्या जबाबदारीचे वेगळे पत्र त्याच्या भाषेत द्यावे. कारण कर्जाचा उपभोग दुसरा घेतो आणि सहीचे ओझे हा वाहतो. तिसरी, ऋणकोने एकदा मराठी निवडली की पुढचे प्रत्येक पत्र, मग ते व्याजाचा दर बदलल्याचे असो की हप्ता थकल्याचे, त्याच भाषेत जावे. पहिली सूचना मराठीत गेली तर शेवटची नोटीस पुष्कळदा छापावीच लागणार नाही. तेवढे जाहिरातींचे उत्पन्न बुडाले तर आमची तक्रार असणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. खिशातल्या प्रत्येक नोटेवर पंधरा भाषांचा रकाना असतो आणि त्यात मराठीही आहे. नोटेवर जिला जागा मिळाली, तिला ती नोट उसनी देण्याघेण्याच्या कागदावर जागा मिळू नये, ही गोष्ट अभिजात भाषेला शोभणारी नाही आणि शहाण्या व्यवहारालाही नाही.

आमचे ते विद्यार्थी निघताना म्हणाले, "सर, हे आधी कळले असते तर मी सही केली नसती असे नाही. मेहुणा आहे. पण कळून केली असती." त्यांची मागणी एवढीच होती, आणि आमचीही याहून अधिक नाही. पोचपावतीवर सही घेण्याआधी पोच झाली आहे की नाही, ते पाहावे.