बटण दाबलं की दिवा लागायलाच हवा

नेरळहून कळंबकडे जाताना पोशीर लागतं. तिथं माझ्या मामीचं घर आहे. मामा गेल्यापासून ती एकटीच राहते. मामेभाऊ डोंबिवलीला असतो, सुट्टीच्या दिवशी येऊन जातो. गेल्या वर्षी त्यानं आईच्या काळजीपोटी घरातल्या दिव्यांच्या बटणांमागे ‘स्मार्ट’ रिले बसवून घेतले. बोर्ड तेच, बटणंही तीच, फक्त आत काडेपेटीएवढी एक डबी. डोंबिवलीत बसून पोशीरच्या अंगणातला दिवा मोबाइलवरून लावता येऊ लागला. मामीनं शेजारणींना बोलावून कौतुकानं दाखवलं.

जुलैतल्या एका रात्री पाऊस कोसळत होता. वीज गेली, आली, पुन्हा गेली. तीनच्या सुमारास मामी संडासला जायला उठली तेव्हा पंखा फिरत होता, म्हणजे वीज आलेली होती. मागच्या पडवीचं बटण तिनं दाबलं, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. इतक्या वर्षांची पायाखालची वाट म्हणून ती अंधारातच निघाली आणि ओल्या पायरीवरून घसरली. मनगटावर निभावलं. भेटायला गेलो तेव्हा प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून म्हणाली, “अरे, वीज होती ना? मग बटण दाबल्यावर दिवा लागायला नको का?”

घरातल्या जुन्या बटणांना ‘स्मार्ट’ करण्याचं जे पीक सध्या आलं आहे, त्याची पहिली परीक्षा मामीच्या या प्रश्नानं घ्यावी, असं माझं मत आहे. जो दिवा माणसाच्या पायापुढं उजेड पाडतो, तो हातानं बटण दाबताच लागला पाहिजे. त्याहून अधिक काही करत असेल तर आनंदच आहे.

मामीचा दिवा का लागला नाही, हे समजून घ्यायला बटणामागे डोकवावं लागेल. साध्या बटणात दिव्याकडे जाणारी फेज, म्हणजे करंटची वायर, जोडली किंवा तोडली जाते. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. रिले बसवला की ही जोडतोड डबीच्या आत होते. जुन्या बटणातून आता दिव्याचा करंट जातच नाही, ते डबीला फक्त निरोप देतं. इंटरनेट बंद पडलं तरी चांगली डबी हा निरोप ऐकते. पण डबीच जळाली तर बटण कितीही दाबा, ऐकणारं कोणी नसतं. पडवीत तेच झालं होतं. पावसाळ्यात तारांवर झाडाची फांदी पडते, कधी खांबावरची न्यूट्रल तुटते आणि २३० व्होल्टच्या जागी घरात त्याहून कितीतरी जास्त दाब येतो. साधं बटण असा झटका सहसा पचवून जातं. डबीतलं नाजूक इलेक्ट्रॉनिक्स तेवढं सोसत नाही.

पुढच्या रविवारी कर्जतहून परवानाधारक वायरमनला नेऊन बोर्ड उघडला. लाकडी बोर्ड ओलीनं फुगलेला, आत मुंग्यांनी आणलेली माती आणि काळी पडलेली डबी. त्याहून गंभीर गोष्ट त्यानं टेस्टर लावून दाखवली. डबीला स्वतः जागं राहायला फेजबरोबर न्यूट्रलही लागते. आपल्याकडच्या बऱ्याच बोर्डांवर बटणांशेजारी एखादं सॉकेट असतं, त्यामुळे तिथं न्यूट्रल आलेली असते. पण पडवीतलं, जिन्यातलं, संडासाबाहेरचं बटण एकटंच असतं आणि तिथं बहुधा ती नसते. नेमकी रात्रीच्या वाटेवरचीच ही बटणं! पडवीच्या डबीसाठी कुणीतरी फ्रिजच्या सर्किटमधली न्यूट्रल ओढून आणली होती, जोडावर नुसती टेप गुंडाळून. उद्या फ्रिजचं काम करताना त्याचा एमसीबी पाडून कोणी ती न्यूट्रल सोडली, तर पडवीच्या डबीतून आलेला करंट त्या सुट्या टोकावर उभा असेल. काम करणारा मात्र वीज बंद आहे अशा समजुतीत.

न्यूट्रल न लागणाऱ्या डब्याही बाजारात मिळतात. त्या दिव्यातूनच थोडासा करंट चोरून जाग्या राहतात. जुन्या पिवळ्या बल्बला तेवढ्यानं काही होत नसे. एलईडी मात्र तेवढ्यावरही मंद पेटलेला राहतो किंवा मधूनच लुकलुकतो. मग दिव्याच्या टोकाशी आणखी एक कपॅसिटर जोडावा लागतो.

वास्तविक या भागाला वीज नवी नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आसपासच्या खेड्यांतल्या घरांत वीज आली ती बरीच नंतर, आणि आली तीही थोडी थोडी. आधी एक बल्ब, मग पंखा, मग टीव्ही, मिक्सर, फ्रिज, पंप. दर खेपेला जुन्या वायरीला नवा फाटा फुटला. मीटरच्या पुढची ही सगळी वायरिंग घरमालकाची जबाबदारी, आणि काही जळेपर्यंत ती कोणी तपासत नाही. अशा वायरिंगवर नवी डबी बसवणं म्हणजे कुजलेल्या वाशावर नवी कौलं चढवणं.

यावर कोणी म्हणेल, ‘मग काय, जुनंच बरं?’ तसं मी म्हणणार नाही. मामेभावाची काळजी खरी होती. संधिवातानं बोटं आखडलेल्या, अर्धांगवायूनं खाटेला खिळलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आवाजानं किंवा हातातल्या रिमोटनं दिवा लावता येणं ही चैन नव्हे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली पुरेशी मोठी होत नाही. त्यामुळे तरुणाला पुरेल तेवढ्या उजेडात म्हाताऱ्या माणसाला पायरीची कड दिसत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी किंवा प्रोस्टेटच्या त्रासानं रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. मनगटाचं हाड जुळून येतं, पण खुब्याचं मोडलं तर पुष्कळदा माणूस पूर्वीसारखा चालत नाही. आणि आपल्या भागात पावसाळ्यात अंगणात, पडवीत घोणस, मण्यार, फुरसं निघण्याची भीती वेगळीच. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले, आणि निम्मे जून ते सप्टेंबरमधले. पाऊल टाकण्याआधी जमीन दिसणं हा औषधाच्याही आधीचा उपाय आहे.

म्हणजे उजेड हा आरोग्याचाच विषय आहे. म्हणून तर तो मोबाइल, राउटर आणि डबी अशा तीन दुव्यांवर टांगून ठेवू नये.

डिमरचंही असंच आहे. झोपण्यापूर्वीचा झगझगीत, विशेषतः निळसर पांढरा उजेड मेलाटोनिन या संप्रेरकाचं स्रवणं लांबवतो. मेंदूच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवणाऱ्या खास पेशी डोळ्याच्या पडद्यात असतात, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. तेव्हा रात्री दिवे मंद करण्याची कल्पना चांगली आहे. पण घरोघरी लावलेले बहुतेक साधे एलईडी बल्ब मंद करण्यासाठी बनवलेलेच नसतात. डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापतो. साध्या एलईडीतलं सर्किट त्यानं गोंधळतं, दिवा फडफडतो, गुणगुणतो आणि लवकर मरतो. ही फडफड ठळक दिसली नाही तरी काहींचं डोकं दुखतं, डोळे शिणतात. प्रकाशानं झटके येणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाला तर हळू, ठळक लुकलुकणं धोक्याचं ठरतं. खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलाच बल्ब घ्यावा आणि डिमर एलईडीसाठीचा आहे ना, ते विचारावं. दिव्याचा डिमर पंख्याला तर कधीच लावू नये, मोटर तापते. शंभरातल्या नव्वद घरांचं काम मात्र त्याहून स्वस्तात होतं: रात्रीसाठी अर्ध्या वॅटचा पिवळसर झिरोचा दिवा, वेगळ्या बटणावर.

वीज वाचते हा दावाही तपासून पाहू. एक डबी जागं राहायला अर्धा वॅट घेते असं धरलं, तर वर्षाला जवळजवळ साडेचार युनिट होतात. तेवढ्यात ९ वॅटचा बल्ब रोज तासावर वीस मिनिटं जळतो. म्हणजे दिवा रोज सव्वा-दीड तास विसरून चालू राहत असेल, तर कुठं डबीचा खर्च निघेल. शंभर वॅटच्या बल्बच्या काळात हे गणित वेगळं होतं. उजाला योजनेपासून, म्हणजे २०१५ पासून, एलईडी घरोघरी पोचला आणि दिव्यावरची मोठी बचत तिथंच झाली. सोयीसाठी डबी घ्यावी, बिलासाठी नको.

मग करावं काय? आधी वायरमनला बोलवावं, खरेदी नंतर. त्यानं अर्थिंग तपासावं, प्रत्येक सर्किटची न्यूट्रल त्याच सर्किटची आहे ना ते पाहावं, आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर पहिला खर्च त्यावर करावा. माणसाच्या अंगातून करंट जाऊ लागताच पुरवठा तोडणारं हेच उपकरण आहे, आणि ते दिवाणखान्यात मिरवता येत नाही म्हणूनच राहून जातं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलणं घरच्या घरी चालतं, पण मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणारं काम परवानाधारक ठेकेदारानंच करायचं असतं. माझ्या मते बटणामागे रिले घालून नवी न्यूट्रल ओढणं हा स्वरूपातलाच बदल आहे. चित्रफीत पाहून रविवारी दुपारी उरकण्याचं ते काम नव्हे.

दुसरं, अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेवरचा, जिन्यातला आणि मागच्या दारचा किमान एक दिवा साध्या बटणावरच ठेवावा. तिसरं, वीज जाऊन आल्यावर दिवा चालू व्हावा, बंद राहावा की पूर्वीसारखा असावा, हे डबीत ठरवता येतं. ते ठरवून घ्यावं, नाहीतर रात्री दोनला वीज येताच सगळं घर लख्ख होतं. चौथं, विहिरीवरचा किंवा टाकीचा पंप या डबीवर चालवू नये. मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते, रिलेचे संपर्क त्यानं चिकटतात आणि मग पंप बंदच होत नाही. त्यासाठी स्टार्टर किंवा कॉन्टॅक्टरच हवा.

नेरळ-कर्जत पट्ट्यात शेतघरं आणि सुट्टीची घरं भराभर उभी राहताहेत, आणि ‘स्मार्ट होम’ हा जाहिरातीतला ठरलेला शब्द झाला आहे. विकणाऱ्यांकडून माझी एकच अपेक्षा आहे: डबी बसवण्याआधी जुन्या वायरिंगच्या तपासणीचा लेखी कागद घरमालकाच्या हाती द्यावा. घेणाऱ्यांनीही तो मागावा.

गणपतीच्या आधी मामीच्या घराचं काम झालं. पडवीला स्वतंत्र न्यूट्रल आली, मीटरशेजारी आरसीसीबी बसला. लाकडी बोर्ड गेला, त्याजागी साधं बटण आलं आणि पायरीवर झिरोचा दिवा. अंगणातली आणि दिवाणखान्यातली डबी मामेभावानं ठेवली आहे, डोंबिवलीहून तो अजून अंगणातला दिवा लावतो. मनगट बरं झाल्यावर मामीनं पहिल्या दिवशी पडवीचं बटण तीन-चार वेळा दाबून पाहिलं. दर वेळी दिवा लागला, तेव्हा कुठं ती आत आली.