बिनक्रमांकी आसनांचा कैवार आणि त्याचे खंडन

ब्रिटनमधील स्वस्त विमानसेवांनी आसनक्रमांक न देता प्रवाशांना विमानात सोडण्याची पद्धत बंद करून दशकाहून अधिक काळ लोटला असला, तरी तिचा कैवार घेणारे अद्याप आहेत. किंबहुना जागा निवडण्याचे शुल्क जसजसे वाढत गेले, तसतशी त्या जुन्या व्यवस्थेविषयीची हळहळही वाढत गेली. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी कैवाऱ्याने ही हळहळ इतक्या आत्मविश्वासाने मांडली आहे, की तिचे उत्तर न देणे म्हणजे ती मान्य करणे ठरावे. शास्त्रीय वादाच्या जुन्या रीतीप्रमाणे प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी मांडणे योग्य होय.

पूर्वपक्ष असा. क्रमांक नसला की विमान लवकर भरते, कारण कोणीही आपली रांग शोधत थांबत नाही. क्रमांक नसला की सगळे समान, कारण जो आधी येईल तो आधी बसेल. ब्रिटिश समाजाला रांगेचे वळण असल्यामुळे गोंधळ होण्याचे कारणच नाही, आणि एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्याचे बालपण गेले, त्या मराठी माणसाने तर या पद्धतीविषयी तक्रार करूच नये. शेवटी, आसनक्रमांक ही प्रवाशाची सोय नसून कंपन्यांनी काढलेली कमाईची युक्ती आहे. पूर्वपक्षाचा ऐवज एवढाच आहे, आणि त्यातील शेवटचा मुद्दा सोडला तर एकही तपासणीला टिकत नाही.

मुक्त आसनपद्धती म्हणजे तिकिटामुळे विमानात एक जागा नक्की मिळते, परंतु ती कोणती हे दारातून आत शिरेपर्यंत ठरलेले नसते, अशी व्यवस्था. अमेरिकेत साउथवेस्ट या कंपनीने १९७१ मध्ये उड्डाणे सुरू केली तेव्हापासून ती चालवली. स्टेलिओस हाजी-इओआनू यांनी स्थापन केलेल्या इझीजेटने नोव्हेंबर १९९५ मध्ये लूटनहून ग्लासगो व एडिनबरा येथे विमाने सोडण्यास प्रारंभ केला, तेव्हा तिचा स्वीकार केला. आणि स्टॅनस्टेडला आपले मोठे ठाणे करणाऱ्या रायनएअर या आयरिश कंपनीनेही तीच वाट धरली. भारतात २००३ साली सुरू झालेल्या एअर डेक्कननेही काही काळ हाच प्रयोग केला. या सर्वांमागचा हिशेब एकच होता. विमान जमिनीवर उभे असताना पैसा मिळवत नाही, म्हणून उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा काळ, ज्याला टर्नअराउंड म्हणतात, तो शक्य तितका कमी करायचा. रायनएअरने १८९ आसनांच्या बोइंग ७३७-८०० विमानासाठी हा काळ २५ मिनिटांचा धरला, आणि त्या २५ मिनिटांतच एक जथा उतरून दुसरा चढायचा असल्यामुळे मिनिटामिनिटाला मोल आले.

वेगाचा मुद्दा कैवाऱ्यांना सर्वांत प्रिय आहे, आणि म्हणून त्याचाच विचार विस्ताराने केला पाहिजे. या मुद्द्याच्या पुष्ट्यर्थ ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत २०१४ साली केलेल्या चाचणीचा दाखला दिला जातो. तीत मागच्या रांगांपासून पुढे येत विमान भरण्यास २४ मिनिटे २९ सेकंद लागली, तर क्रमांकाविना प्रवासी सोडल्यावर तेच काम १४ मिनिटे ७ सेकंदांत आटोपले. आकडे खरे आहेत, पण त्याच चाचणीतील आणखी दोन नोंदी कैवारी सांगत नाहीत. पहिली अशी, की क्रमांक देऊन आधी खिडकीजवळचे, मग मधले आणि शेवटी वाटेजवळचे प्रवासी चढवले, तेव्हा १४ मिनिटे ५५ सेकंद लागली. म्हणजे ज्या लाभासाठी एवढा कैवार घ्यायचा तो लाभ ४८ सेकंदांचा निघाला. दुसरी अशी, की प्रवाशांच्या समाधानाचे मोजमाप केल्यावर सर्वांत कमी गुण याच क्रमांकाविना पद्धतीला पडले. ज्यांना विमानात कोंबले गेले त्यांनीच आपले मत दिले होते. ते वगळून केवळ घड्याळाचा आकडा उचलणे हा युक्तिवाद नसून निवडक वाचन आहे.

परंतु त्याहून मोठा दोष घड्याळ कोठे सुरू केले जाते यात आहे. विमान भरण्याचा वेळ मोजणारे सगळे जण पहिला प्रवासी दारातून आत शिरला त्या क्षणापासून मोजतात, कारण कंपनीचा खर्च तेथून सुरू होतो. प्रवाशाचा खर्च मात्र कितीतरी आधी सुरू झालेला असतो. जागा ठरलेली नसली की ती मिळवण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे इतरांच्या आधी उभे राहणे. म्हणून फलकावर प्रवेशद्वाराचा क्रमांक उमटताच माणसे खुर्च्या, चहा आणि स्वच्छतागृहे सोडून रांगेत येतात व विमान उतरलेलेही नसताना तेथे तिष्ठत उभी राहतात. हा उभे राहण्याचा काळ कोणत्याही चाचणीत धरला जात नाही. विमानाचे एक मिनिट वाचवण्यासाठी दीडशे-पावणेदोनशे माणसांचा अर्धा अर्धा तास खर्ची पडत असेल, तर वेळ वाचला असे म्हणता येत नाही, तो एकाच्या खात्यातून काढून दुसऱ्याच्या खात्यात घातला गेला इतकेच. आणि ज्याच्या खात्यातून तो काढला जातो त्यात गुडघे दुखणारी आजी, सात महिन्यांची गर्भवती आणि दोन मुलांना सांभाळणारा एकटा बाप हे सारखेच मोडतात, जरी उभे राहण्याची किंमत त्यांना सारखी पडत नाही.

मुक्त पद्धतीत माणसे भराभर का बसतात, याचेही उत्तर कैवाऱ्यांनी कधी शोधलेले दिसत नाही. जागा हातची जाईल या भीतीने ती भराभर बसतात. म्हणजे या यंत्राचे इंधनच भीती आहे. अरुंद जागेत अशी चढाओढ लावली की काय होते, याचा अभ्यास ब्रिटनमध्येच झालेला आहे. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टर विमानतळावर ब्रिटिश एअरटूर्सच्या विमानाला धावपट्टीवर आग लागून ५५ जण मरण पावले, आणि त्यानंतर क्रॅनफील्ड येथील मानसशास्त्रज्ञ हेलन म्यूर यांनी एका जमिनीवरील ट्रायडंट विमानात स्वयंसेवकांना बाहेर पडण्यास लावून प्रयोग केले. म्यूर यांनी पहिल्या निम्म्या लोकांना पाच पौंडांचे बक्षीस ठेवले. एवढ्याशा बक्षिसाने त्यांची वागणूक पालटली. अरुंद वाटेत माणसे एकमेकांवर रेटून अडकली आणि जेथे दार उघडे होते तेथेही प्रवाह खुंटला. ते प्रयोग बाहेर पडण्याविषयीचे होते, चढण्याविषयीचे नव्हते, हे मान्य करूनही त्यांतील तत्त्व येथे लागू पडते: पुढच्या निम्म्यांना लाभ आणि मागच्या निम्म्यांना तोटा अशी मांडणी केली, की सभ्य माणसेही एकमेकांची अडचण होतात. मुक्त आसनपद्धती हीच मांडणी दररोज, प्रत्येक उड्डाणाला, विनाकारण करत होती.

वेग खरोखर कशाने वाढतो हेही आता अज्ञात नाही. जेसन स्टेफन या खगोलभौतिकीच्या अभ्यासकाने २००८ मध्ये संगणकावर आणि पुढे प्रत्यक्ष प्रवाशांवर दाखवून दिले, की विमान भरण्यास लागणारा वेळ मुख्यत्वे सामान डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यात जातो, आणि एका माणसाने सामान ठेवताना वाट अडवली की मागचे सगळे थांबतात. एकाच वेळी पुष्कळ जणांना, एकमेकांपासून दूर अंतरावर, सामान ठेवता आले तर वेळ घटतो. म्हणजे वेगाची किल्ली चढण्याच्या क्रमात आहे, आसनक्रमांक नसण्यात नाही. आणि स्टेफन यांचा क्रम तर क्रमांकांशिवाय लावताच येत नाही.

समानतेच्या मुद्द्याला दोन वाक्ये पुरेत. इझीजेटने जादा पैसे घेऊन आधी चढण्याचा हक्क स्पीडी बोर्डिंग या नावाने विकला आणि रायनएअरनेही तसाच हक्क विकला, तेव्हा ही समानता विक्रीस निघाली. आणि जेथे प्रवाशांना बसमधून विमानापर्यंत नेले जात असे तेथे आधी बसमध्ये चढलेले लोक दारापासून दूर अडकून शेवटी उतरत, त्यामुळे विकत घेतलेला क्रमही हाती लागत नसे.

ब्रिटिश रांगेच्या गौरवाचे काय, हा प्रश्न मात्र थोड्या विषयांतरास पात्र आहे, कारण रांग हा इंग्रजांचा स्वभावधर्म की परिस्थितीचे अपत्य, हा वाद फार जुना आहे आणि प्रत्येक पिढीत काही मंडळी तो जणू नव्यानेच सापडल्यासारखा उकरून काढतात. रांगेची ख्याती ज्या काळाने वाढवली तो शिधावाटपाचा काळ होता: ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी शिधावाटप सुरू झाले आणि ४ जुलै १९५४ रोजी मांसावरील नियंत्रण उठल्यावर ते संपले. त्या काळात प्रत्येकाजवळ शिधापुस्तिका होती, प्रत्येक कुटुंबाची नोंद ठरलेल्या दुकानदाराकडे होती, आणि लोणी, साखर, डुकराचे मांस यांचा वाटा माणशी ठरलेला होता. रांगेत विसाव्या जागी उभ्या असलेल्या गृहिणीचा वाटा पहिलीने पळवला जाणार नव्हता. जेथे वस्तू नियंत्रित नव्हती आणि जो आधी येईल त्याला मिळणार होती, तेथील रांगांत कुरकुर होती, ओळखीपाळखी होत्या आणि दुकानदाराने मागे ठेवलेल्या मालाविषयी संशयही होता. यावरून निष्कर्ष निघतो तो कैवाऱ्यांच्या विरुद्ध जातो. रांग शांत असते ती वाटा ठरलेला असतो म्हणून. वाटा काढून घ्यायचा आणि शांत रांगेची अपेक्षा मात्र ठेवायची, हे ब्रिटिश वळणावर टाकलेले ओझे आहे आणि ते त्याला पेलत नव्हते, याची साक्ष लूटन आणि स्टॅनस्टेडच्या प्रवेशद्वारांनी वर्षानुवर्षे दिली.

एस.टी.च्या रुमालाविषयी इतकेच सांगायचे, की तो रुमाल खिडकीपर्यंत पोचवू शकणारा हात धडधाकट तरुणाचा असे. कडेवर मूल घेतलेल्या बाईच्या आठवणी त्याच गाडीविषयी वेगळ्या आहेत, आणि म्हणून तर एस.टी.लाही स्त्रियांसाठी व अपंगांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्या. आपल्या बळाच्या दिवसांची आठवण ही सार्वजनिक व्यवस्थेची कसोटी होऊ शकत नाही.

आता शेवटचा मुद्दा, ज्यात तथ्य आहे. इझीजेटने २०१२ मध्ये आधी काही मार्गांवर चाचणी घेऊन नोव्हेंबरपासून सर्व उड्डाणांवर आसनक्रमांक लागू केले आणि रायनएअरने १ फेब्रुवारी २०१४ पासून तसेच केले. त्यानंतर जागा निवडण्याचे शुल्क हे उत्पन्नाचे मोठे साधन बनले, हे नाकारता येत नाही. शुल्क न भरणाऱ्या कुटुंबाला विमानभर विखरून बसवल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीला २०१८ साली पाहणी करावी लागली, आणि तीत गटाने प्रवास करणाऱ्या रायनएअरच्या प्रवाशांपैकी ३५ टक्के लोकांनी आपल्याला वेगवेगळे बसवल्याचे सांगितले. ही लूट आहे आणि तिचा निषेध झालाच पाहिजे. पण औषधात भेसळ झाली म्हणून औषधच निषिद्ध ठरवण्याचा न्याय कोणत्या शास्त्रात सांगितला आहे? कुटुंबाची ताटातूट क्रमांकाने केली नाही, क्रमांक कसा वाटायचा हे ठरवणाऱ्याच्या लोभाने केली. आणि मुक्त पद्धतीत शेवटी चढणाऱ्या कुटुंबाची ताटातूट तर ठरलेलीच होती, फरक इतकाच की तेव्हा दोष कोणाच्या माथी मारावा हे कळत नसे. क्रमांक आले तरी रांगा राहिल्याच, असेही म्हटले जाते. त्या रांगा आसनासाठी नाहीत; बोइंग ७३७-८०० मधील डोक्यावरच्या कप्प्यांत चाकांच्या सुमारे ९० बॅगा मावतात आणि प्रवासी १८९ असतात, त्यामुळे जी वस्तू अजूनही ठरवून वाटलेली नाही तिच्यासाठीच माणसे उभी राहतात. हा आक्षेप क्रमांकाच्या बाजूचा पुरावा आहे.

उत्तरपक्ष, म्हणजे खंडनानंतर स्थापन करायचे मत, थोडक्यात असे आहे. तिकीट विकतानाच आसनक्रमांक दिला जावा आणि तो देण्याचे शुल्क नसावे. विशिष्ट जागा हवी असणाऱ्याकडून कंपनीने खुशाल पैसे घ्यावेत. एका आरक्षणातील माणसे, जागा शिल्लक असेपर्यंत, शेजारी बसवली जावीत. मूल पालकापासून एका रांगेहून दूर नसावे, असे सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीचे मार्गदर्शन आहेच. त्याला सल्ल्याऐवजी नियमाचे बळ यावे. अपंग प्रवाशाच्या सोबत्याला शेजारची जागा देण्याचा वाजवी प्रयत्न करण्याचे बंधन २००६ च्या युरोपीय नियमाने घातले, आणि जागा आधी वाटलेली असली की ते बंधन पाळले गेले की नाही हे तपासता तरी येते.

चढण्याच्या क्रमासाठी नवा शोध लावण्याचीही गरज नाही. युनायटेड या अमेरिकी कंपनीने २६ ऑक्टोबर २०२३ पासून सामान्य वर्गासाठी आधी खिडकी, मग मधली आणि शेवटी वाटेकडची आसने हा क्रम पुन्हा सुरू केला, आणि एकाच आरक्षणावरील कुटुंबांना त्यातून सूट देऊन एकत्र चढू दिले. मुक्त पद्धत आरंभापासून चालवणाऱ्या साउथवेस्टनेही जुलै २०२४ मध्ये ती पद्धत सोडण्याचा निर्णय जाहीर केला. ब्रिटनमधील स्वस्त विमानसेवा तर पुढच्या व मागच्या अशा दोन्ही दारांना जिने लावतात. अर्धे प्रवासी पुढून, अर्धे मागून आणि दोन्हीकडे खिडकीवाले आधी, एवढी सूचना प्रवेशपत्रावर छापण्यास एकही पौंड अधिक लागत नाही.