मोबाईलमधला खेळ आणि आईबाप

कामशेत-लोणावळ्याहून पहाटेची लोकल धरणारे आईबाप रात्री घरी येतात. पोरावर लक्ष ठेवायचे कोणी? २०२० साली सरकारने पबजीवर बंदी घातली. २०२१ मध्ये जवळपास तोच खेळ नवे नाव घेऊन आला! ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आली, पण खेळातली बंदूक, पोशाख विकत घेणे चालूच आहे. म्हणून आम्ही सांगतो, यूपीआयचा पिन पोराला कळू देऊ नका. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. गूगलचे ‘फॅमिली लिंक’ फुकट आहे, त्यात खेळाची वेळ ठरवून देता येते. जमत नसेल तर वस्तीतल्या कॉलेजच्या मुलीला विचारावे. त्यात लाज कसली? आणि सुट्टीच्या दिवशी पोराशेजारी बसून तो खेळ स्वतः बघा. हेडफोनमधून त्याच्याशी कोण बोलते, ते तेव्हाच कळेल.