चिमुकल्या गांवांतील आगगाड्या

पुण्यास कोथरूड भागांत लहान रेल्वेगाड्यांचें जोशी संग्रहालय आहे. श्री. भाऊ जोशी यांच्या छंदांतून तें उभें राहिलें व १९९८ सालीं लोकांकरितां खुलें झालें. एका दालनांत घरें, रस्ते, पूल व दिव्यांचे खांब यांसह सारें गांव मांडलें असून त्यांतून वाफेच्या इंजिनाची व डोंगर चढणारी अशा नाना तऱ्हांच्या गाड्या खरोखरच धांवतात.

सहलीस निघण्यापूर्वीं एका पालकांनीं विचारलें, "खेळणीं पाहण्यासाठीं एवढा खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे. कष्टाचा पैसा मुलांवर खर्चणाऱ्यांस उत्तर देणें हें आमचें कर्तव्यच होय.

गोदावरी खोऱ्यांतील लोहमार्ग १९०० च्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतून गेला. तेव्हां रुळांतील अंतर एक मीटर होतें. पुढें तोच मार्ग १६७६ मिलिमीटर रुंद झाला. परभणी व पूर्णा हीं दोन जंक्शनें आपल्याच जिल्ह्यांत आहेत. तरीही गाडी मध्येंच कां थांबते, हें आमच्यांपैकीं किती जणांस ठाऊक होतें? फलाटावर उभा असलेला मनुष्य केवळ आपलीच गाडी पाहतो. त्या चिमुकल्या गांवांत मात्र सर्व मार्ग एका दृष्टिक्षेपांत येतात. एक गाडी थांबते म्हणूनच दुसरीस वाट मिळते, हें आम्हीं तेथें डोळ्यांनीं पाहिलें. परतीच्या प्रवासांत गाडी खोळंबली, तेव्हां कोणीही कुरकुर केली नाहीं. सर्वांचें लक्ष सिग्नलाकडे होतें.

परंतु पाहून आलों म्हणजे काम संपलें, असें आम्ही मानीत नाहीं. पूर्णा जंक्शनचा नमुना आपल्या शाळेंत व्हावा, अशी आमची सूचना आहे. अशा गाड्यांचें एक प्रचलित प्रमाण सत्त्याऐंशीस एक असें आहे. त्या मापानें वीस मीटरांचा डबा तेवीस सेंटिमीटरांत बसतो. वर्गांत कंटाळवाणें वाटणारें त्रैराशिक येथें हातांत येईल. पुठ्ठा, माती व बाभळीच्या काटक्या यांस फारसा खर्च नाहीं. फाटकाशीं थांबलेली कापसाची बैलगाडीही त्यांत असावी; ती आपणच करावयास हवी.

असल्या कामास प्रगतिपुस्तकांत रकाना नाहीं, हें खरें. तथापि ज्या हातांनीं एकदां रूळ जुळविले, ते पुढें कोणतेंही काम अर्धवट टाकणार नाहींत, असा आमचा विश्वास आहे. पालकांनीं मुलांना रविवारची एक दुपार तेवढी द्यावी, एवढीच विनंती.