कुत्र्याचे देणे

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचे ठोक मार्केट आहे आणि औषधांचेही. या दोन्ही धंद्यांचा इतिहास रसायनशाळेत एकत्र येतो. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हिवतापावरचे क्विनाइन तयार करायला निघाला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तोवर युरोपात रासायनिक रंगांचे कारखाने उभे राहिले होते.

त्याची किंमत कामगारांनी मोजली. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांना फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात कर्करोगाच्या गाठी आढळल्या. कोणते द्रव्य दोषी, हे मात्र अनेक वर्षे सिद्ध होईना. १९३८ मध्ये अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर यांनी बीटा-नॅप्थिलअमाइन हे रंगनिर्मितीतले द्रव्य कुत्र्यांना दिले आणि त्यांना तोच कर्करोग झाला. माणसाला पुरावा मिळाला तो कुत्र्यांच्या जिवावर. ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

उपचाराची वाटही रंगातूनच निघाली. बावची आणि ऊन यांनी कोडावर उपचार करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. औषध आणि प्रकाश यांची ही जोडी कळायला आधुनिक शास्त्राला मात्र १९०० साल उजाडावे लागले. म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसले की, ॲक्रिडीन या रंगद्रव्यात ठेवलेले सूक्ष्मजीव अंधारात तगतात आणि उजेडात मरतात. पुढे १९७० च्या दशकात बफेलोचे थॉमस डोहर्टी यांनी हे तत्त्व कर्करोगाच्या उपचारात आणले. प्रकाशाला संवेदनशील असे औषध गाठीत साठू द्यायचे, दुर्बिणीतून बारीक प्रकाशतंतू आत न्यायचा आणि लाल प्रकाश सोडायचा. औषध पेशीतल्या प्राणवायूला इतके उग्र करते की पेशी मरते. फोटोफ्रिन या औषधाला जगातली पहिली मान्यता १९९३ मध्ये कॅनडात मिळाली, तीही माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगासाठीच.

हा कर्करोग कुत्र्यांनाही होतो, पण त्यांच्या वाट्याला त्यातले थोडेच आले. २००३ च्या सुमारास अमेरिकेत मोजक्या कुत्र्यांवर असा उपचार झाला, पण आजार कायमचा हटला नाही. कारण सरळ आहे. प्रकाश उतींत काही मिलिमीटरच शिरतो आणि कुत्र्याची गाठ कळते तेव्हा ती बहुधा स्नायूपर्यंत गेलेली असते. शिवाय ती बरेचदा मूत्राशयाच्या तोंडाशी असते, म्हणून कापून काढणेही अवघड. तेव्हा या उपचाराला चमत्कार म्हणणे खोटेपणाचे होईल. गाठ लवकर सापडली तरच त्याला अर्थ आहे.

आणि इथेच आपण कमी पडतो. लघवीतून रक्त आले की संसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होते, थोडा आराम पडतो, पुन्हा रक्त दिसते, आणि यात महिने निघून जातात. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० पासून पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही इथेच आहे. श्वानांच्या कर्करोगाचे निदान आणि प्रकाशोपचाराचे संशोधन या शहरात उभे राहायला हवे. विद्यापीठाने ते हाती घ्यावे आणि सरकारने त्यासाठी पैसा द्यावा.

तोवर कुत्रा पाळणाऱ्यांनी एवढे करावे: म्हातारा कुत्रा पुन्हा पुन्हा कुंथत असेल, लघवीत रक्त येत असेल, तर औषधाची दुसरी चिठ्ठी घेण्याआधी डॉक्टरांकडे सोनोग्राफीचा आग्रह धरावा.