मागचे चाक एका बाजूला का?

आमच्या शाळेच्या सायकल स्टँडवर नजर टाकली, तर मागचे चाक चिमट्याच्या मधोमध नसून एका बाजूला सरकलेले आहे, अशा सायकली बऱ्याच दिसतात. टायर घासते, ब्रेकचे रबर एकीकडूनच झिजते. बाजारात यावर बहुधा एकच उपाय होतो. एका बाजूचे आरे (इंदूरच्या दुकानात यांना तिल्या म्हणावे लागते) कसून रिम मध्यावर ओढून आणतात. चाक सरळ दिसू लागते व पालक समाधानाने पैसे देतात. फ्रेमच वाकडी असेल तर आमच्या मते ही दुरुस्ती नव्हे, दोष झाकणे होय. पुढे नवे चाक बसविले की तोच वाकडेपणा पुन्हा हजर!

तेव्हा दोष चाकाचा की फ्रेमचा, हे आधी ठरवावे. प्रथम एक्सलचे नट सैल करून चाक खाचेत नीट बसवावे. कित्येकदा तक्रार येथेच मिटते. न मिटल्यास चाक काढून डावी बाजू उजवीकडे येईल असे उलटे बसवावे. चेन चढवू नये, ही केवळ परीक्षा आहे. कमी फट आता दुसऱ्या बाजूला गेली, तर रिम मध्यावर नाही. तेथे आरे कसणेच योग्य. फट होती त्याच बाजूला राहिली, तर फ्रेम वाकलेली आहे.

खात्रीसाठी एक दोरा पुरतो. मागच्या एका खाचेपासून निघून, हँडलच्या नळीला वळसा घालून, दुसऱ्या खाचेपर्यंत तो ताणून बांधावा आणि सीटच्या नळीपासून त्याचे अंतर दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजावे. अंतरे सारखी यायला हवीत. आम्ही फळ्यावर सममिती शिकवतो, ती येथे हाताला लागते.

पोलादी फ्रेम थंड स्थितीत, थोडी थोडी ओढून आणि दर वेळी मोजून सरळ करता येते. पोलाद काहीसे परत फिरते, म्हणून घाई नको. हे काम मिस्त्रीचे, मुलांनी मोजमाप करावे. ॲल्युमिनियमची फ्रेम मात्र कोणीही वाकवू नये, तिला तडा जाण्याचे भय असते. सांध्याजवळ तडा दिसला तर फ्रेम कोणतीही असो, मुलाला त्या सायकलवर बसवू नये.

विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी लहानशी आहे. शनिवारी कार्यानुभवाच्या दोन तासिका, पान्यांचा एक संच आणि अनुभवी मिस्त्रीचे मानधन. पाना मुलींच्याही हाती द्यावा. त्यांची सायकल भाऊच बघेल, असे घरोघरी गृहीत धरलेले असते. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, पण त्या कंपनीच्या पोलादी सायकली अजून कित्येक घरी जिन्याखाली उभ्या असतील. पालकांनी त्या भंगारात देण्यापूर्वी एकदा शाळेत पाठवाव्यात.