विश्लेषण : दोघांनी मिळून वेळ काढला तर? ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये डावपेच कुठे संपतो, रडीचा डाव कुठे सुरू होतो?

प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. नाही तर चढाईपटू बाद. आघाडी घेऊन नुसते घड्याळ पळवणाऱ्यांना हा चाप आहे. निन्टेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’च्या स्पर्धांनाही वेळकाढूपणाने असेच सतावले आहे. फरक इतकाच, की इथे चाप खेळात नाही, तो आयोजकांना लावावा लागतो.

वेळ काढून फायदा काय?

या खेळात प्रतिस्पर्ध्याला पडद्याच्या हद्दीबाहेर फेकायचे असते. जितका मार जास्त, तितका खेळाडू लांब फेकला जातो. 2001 मधील ‘मेले’च्या स्पर्धांत साधारणपणे प्रत्येकी 4 जीव आणि 8 मिनिटे असतात. वेळ संपल्यास जास्त जीव राखणारा जिंकतो. जीव समान असतील, तर कमी मार खाल्लेला. म्हणजेच एकदा आघाडी मिळाली, की लढण्याची गरजच उरत नाही.

जोडी काय करते?

वर झेपावण्याची खास चाल वापरली, की पात्र हतबल होऊन खाली येते. मात्र हवेत फटका बसला, तर ती चाल पुन्हा वापरता येते. दुहेरी सामन्यांत जोडीदाराचा फटकाही लागतो. एरवी दरीत पडणाऱ्या साथीदाराला वाचवण्यासाठी ही युक्ती उपयोगी पडते. पण दोघे एकमेकांना हलके फटके देत हवेतच राहू लागले, तर प्रतिस्पर्ध्यांनी लढायचे कोणाशी?

मग जोडीदाराचा फटका बंद का करत नाहीत?

तसे केल्यास साथीदाराची पर्वा न करता कुठूनही मारा करता येईल. दुहेरीतला समन्वयच संपेल. म्हणून सवलत कायम ठेवून तिचा गैरवापर रोखला जातो.

एकेरीत काय घडले?

2008 च्या ‘ब्रॉल’मध्ये मेटा नाइट हे पात्र एका त्रुटीमुळे हवे तितका वेळ अदृश्य राहू शकत असे. ती युक्ती सरसकट बंद झाली. कड्याला वारंवार लटकून प्रत्येक वेळी क्षणभर अभेद्य होण्यावर अनेक स्पर्धांनी संख्येची मर्यादा घातली. पुढे 2014 च्या आवृत्तीत निन्टेंडोनेच बदल केला : जमिनीवर न उतरता पुन्हा कडा धरल्यास अभेद्यता मिळेनाशी झाली.

खरा पेच कोणता?

‘मेले’ गेमक्यूबवरचा खेळ; त्यात अपडेट येत नाही. बहुतांश स्पर्धाही निन्टेंडो नव्हे, तर खेळाडूंमधूनच आलेले आयोजक भरवतात. लटकण्याची संख्या मोजता येते, हेतू मोजता येत नाही. सावध बचाव हा खेळाचाच भाग आहे. समोरच्याला गाठण्याची संधीच न देणे हा नाही. ही रेषा सामना सुरू असताना पंचाला ओढावी लागते. ती चुकली, तर प्रामाणिकपणे बचाव करणारी जोडीही बाद ठरू शकते.